वाक्संप्रदायमूलक कथनसंज्ञा : सुबोधतेचा आभास

कथात्म साहित्याच्या अध्यापनात परिभाषेचा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. संस्कृत धातूंवरून घडविलेल्या संज्ञा विद्यार्थ्यांना जड वाटतात, इंग्रजी संज्ञा परक्या वाटतात. तेव्हा कथनातील निरनिराळ्या युक्तींना लोकांच्या बोलण्यातील म्हणी, वाक्प्रचार आणि दृष्टान्त यांवरून नावे द्यावीत, म्हणजे ती आपोआप समजतील, असा विचार चर्चासत्रांतून आणि अभ्यासमंडळांच्या बैठकांतून पुष्कळदा मांडला जातो. त्यामागची तळमळ रास्त आहे. परंतु ‘आपोआप समजतील’ हे गृहीत मात्र सहसा तपासले जात नाही. वाक्प्रचारावरून आलेले नाव कानाला ओळखीचे असते, एवढेच खरे. कानाला ओळखीचे नाव म्हणजे मनाला उमगलेली संकल्पना, असे समीकरण मांडता येत नाही. किंबहुना अपरिचित संज्ञेपुढे विद्यार्थी निदान थबकतो आणि अर्थ विचारतो. परिचित संज्ञेपुढे तो थबकतच नाही, हाच खरा धोका आहे.

या संदर्भात भारतीय नाट्यशास्त्राच्या परंपरेतीलच एक उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. नाटकाची रचना गोपुच्छाच्या अग्रासारखी असावी, असे भरताच्या परंपरेत सांगितले गेले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हा निर्देश घेतला आणि त्याचे विवरण करताना दोन मते नोंदविली. काहींच्या मते गाईचे शेपूट जसे टोकाकडे निमुळते होत जाते, तसे नाटकाचे अंक क्रमाक्रमाने लहान होत जावेत. इतरांच्या मते शेपटाच्या गोंड्यातील काही केस आखूड व काही लांब असतात, त्याप्रमाणे नाटकातील काही कार्ये मुखसंधीतच संपावीत, काही प्रतिमुखसंधीत संपावीत, काही त्याहून पुढे जावीत. ही दोन मते एकाच कल्पनेच्या दोन छटा नव्हेत. पहिले मत अंकांच्या लांबीविषयी बोलते, दुसरे कथासूत्रांच्या समाप्तीविषयी. एक बाह्य आकाराचा नियम आहे, दुसरा आंतरिक संविधानाचा.

गाय ज्या समाजात दारोदार होती, त्या समाजातील विद्वानांना गाईच्या शेपटावरून आलेली संज्ञा एकमताने लावता आली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. चित्र सर्वांना दिसत होते. त्या चित्रातील कोणता अंश घ्यावयाचा, हे चित्र सांगत नव्हते. उपमेत साधारण धर्म सांगितला तर उपमा पूर्ण होते, तो वगळला तर लुप्तोपमा होते, हे अलंकारशास्त्राच्या पहिल्या पाठातच शिकविले जाते. वाक्संप्रदायावरून केलेली प्रत्येक संज्ञा ही एका अर्थाने साधारण धर्म वगळलेली उपमाच असते. काव्यात हा लोप शोभा वाढवितो. परिभाषेत तो वाचकावर एक काम लादतो, आणि ते काम आपण करीत आहोत याची वाचकाला जाणीवही नसते.

‘बिंदू’ या अर्थप्रकृतीची गत आज याहून वाईट आहे. मध्येच आलेल्या अवांतर विषयामुळे मुख्य सूत्र तुटल्यासारखे झाले असता ते पुन्हा सांधून पुढे नेणारा जो कथांश, तो बिंदू. ‘दशरूपका’वरील ‘अवलोक’ या टीकेत धनिकाने पाण्यावर पसरणाऱ्या तेलाच्या थेंबाचा दाखला देऊन ही संज्ञा उलगडली आहे. म्हणजे येथे बिंदू याचा अर्थ थेंब, आणि थेंबाचे पसरणे हा त्यातील प्राण. आजच्या मराठीत मात्र बिंदू म्हणजे टिंब. केंद्रबिंदू, शून्यबिंदू, उत्कर्षबिंदू अशा शब्दांतून तो एका जागी स्थिर असलेल्या खुणेचा वाचक झाला आहे. साहजिकच पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी नाटकातील ‘बिंदू’ म्हणजे कथानकाचा मध्यवर्ती मुद्दा असे समजून उत्तर लिहितो. ज्या शब्दाने प्रवाह सुचवायचा होता, तो शब्द त्याला थांबा सुचवितो. ‘पताका’ या संज्ञेचेही असेच आहे. नायकाच्या कार्याला साहाय्यभूत होणारे आणि दूरवर चालणारे प्रासंगिक वृत्त, उदाहरणार्थ रामकथेतील सुग्रीवाचे वृत्त, म्हणजे पताका. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे मात्र एक तर वारकऱ्याच्या खांद्यावरील भगवी पताका येते, नाही तर समारंभात दोरीवर लावलेल्या कागदी पताकांची रांग. दुसरे चित्र आले की पताका ही कथेची सजावट ठरते, आणि सुग्रीवावाचून रामाचे कार्य अडले असते ही मूळ गोष्टच नाहीशी होते.

याउलट ‘बीज’ ही संज्ञा आजही अडत नाही. बीही वस्तूच आहे, शेपूट आणि थेंब यांसारखीच. परंतु बी म्हटल्याबरोबर पेरणे, रुजणे, वाढणे ही एकच क्रिया मनात येते. बियाचा दुसरा उपयोग सहसा सुचत नाही. यावरून असे दिसते की, संज्ञेतील वस्तू किती परिचित आहे यावर सुबोधता अवलंबून नसते, तर त्या वस्तूशी एकच क्रिया निगडित आहे की अनेक, यावर ती अवलंबून असते. ज्या नावात क्रियाच बोलते ते नाव टिकते. मराठीत रूढ झालेली ‘कलाटणी’ ही संज्ञा याचे उत्तम उदाहरण होय. कथेला शेवटी कलाटणी मिळते असे म्हटले की कोणालाही टीप द्यावी लागत नाही.

पाश्चात्त्य संज्ञांचा अनुभवही वेगळा नाही. ‘चेकॉव्हची बंदूक’ हे नाव आता मराठी समीक्षेतही सर्रास वापरले जाते. चेकॉव्हने १८८९ मध्ये लाझारेव्ह-ग्रुझिन्स्की या लेखकाला लिहिलेल्या पत्रात त्याचे एक मूळ सापडते. झाडण्याचा विचार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, असा त्याचा आशय. हा मुळात निषेधाचा नियम आहे. अनावश्यक ते काढून टाका, असे तो लेखकाला बजावतो. मराठी लेखनात मात्र तो बहुधा पूर्वसूचनेचा पर्याय म्हणून येतो, आणि काही वेळा तर अखेरच्या धक्क्याचा. काटकसरीचा नियम भाकिताची युक्ती होऊन बसला. बंदूक या वस्तूचा धाक असा की वाचकाला फक्त बार ऐकू येतो. (‘चेरीची बाग’ या १९०४ च्या नाटकात शार्लोटाजवळ बंदूक आहे, एपिखोदोव्हजवळ पिस्तूल आहे, आणि दोन्ही झाडली जात नाहीत. नियमाला त्याच्या कर्त्याचे नाव चिकटविणाऱ्यांनी हे नाटक पुन्हा वाचावयास हरकत नाही.)

‘रेड हेरिंग’ची कथा तर अधिक मनोरंजक आहे. धुरी देऊन लालसर केलेल्या माशाच्या वासाने शिकारी कुत्र्यांना भलत्या वाटेला लावणे, असा या नावाचा खुलासा इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून केला जातो. परंतु शिकारीत तशी रूढ प्रथा होती असे दिसत नाही. विल्यम कॉबेटने १८०७ मध्ये आपल्या नियतकालिकात वृत्तपत्रांची फसगत वर्णन करताना बालपणीची म्हणून ही गोष्ट रंगवून सांगितली आणि तिच्यामुळे तो वाक्प्रचार फैलावला. म्हणजे ज्या चित्रामुळे संज्ञा स्पष्ट होते असे मानले जाते, ते चित्र मूळ भाषेतही संज्ञेला नंतर पुरविलेला आधार आहे. इंग्रज वाचकाला रहस्यकथेतील ‘हेरिंग’ समजते ते त्याने मासा हुंगला म्हणून नव्हे, तर त्याने रहस्यकथा वाचल्या म्हणून. मराठी वाचकानेही बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतून असा चकवा कितीदा तरी अनुभवला आहे. अभिजनसमीक्षेने या कथांकडे पाहिलेच नाही, त्यामुळे अनुभव होता पण त्याला नाव नव्हते. ‘हुलकावणी’ हा शब्द येथे हाताशी आहे, आणि तो क्रियावाचक असल्यामुळे त्याला माशाची गोष्ट जोडावी लागत नाही.

फ्रेंच समीक्षेतील ‘मीझ आं आबीम’ ही संज्ञाही याच वर्गात पडते. आंद्रे जीदने १८९३ च्या रोजनिशीत कुलचिन्हांच्या ढालीचा दाखला घेऊन कलाकृतीच्या आत तिचीच छोटी प्रतिकृती बसविण्याची कल्पना मांडली. कुलचिन्हशास्त्रात ‘आबीम’ म्हणजे ढालीचा मध्यभाग. व्यवहारातील फ्रेंचमध्ये मात्र तो शब्द अथांग दरीचा वाचक आहे. परिणामी फ्रेंच वाचकच या संज्ञेत ढाल विसरून दरी पाहू लागला, आणि अनंत प्रतिबिंबांची कल्पना तीत शिरली. मराठीत जेव्हा कोणी तिचे ‘आरशात आरसा’ असे भाषांतर करतो, तेव्हा तो जीदची संज्ञा देत नसून तिच्या दुसऱ्या, चुकीतून जन्मलेल्या अर्थाला मराठी रूप देत असतो. तो अर्थ निरुपयोगी आहे असे नव्हे; पण तो वेगळा आहे, याचे भान हवे.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण पाहू. ‘फ्लॅशबॅक’ हा शब्द महाराष्ट्रातील कोणत्याही गावी, चित्रपट पाहणाऱ्या कोणत्याही माणसाला समजतो. त्यातील दोन इंग्रजी घटकांचा अर्थ त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. तो शब्द त्याला कोणतेही चित्र देत नाही. त्याने पडद्यावर ती युक्ती शेकडो वेळा पाहिली आहे आणि त्या पाहण्याला हा शब्द चिकटला आहे. ‘पूर्वदृश्य’, ‘स्मृतिदृश्य’ असे अन्वर्थक प्रतिशब्द निघाले, तरी वर्गात त्यांचा खुलासा ‘फ्लॅशबॅक’ म्हणूनच करावा लागतो. आणि ज्याला आपल्या शास्त्रपरंपरेत ‘सिंहावलोकन’ असे सुंदर नाव होते, चालता चालता मान वळवून मागे पाहणाऱ्या सिंहावरून आलेले, ते मराठीत संस्थांच्या वार्षिक अहवालांत जाऊन बसले! तेथून त्याला कथनमीमांसेत परत आणणे आता कठीण आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष परिभाषा घडविणाऱ्यांना रुचणारा नाही. संज्ञा समजते ती तिच्यातील चित्रामुळे नव्हे, तर युक्तीच्या वारंवार घडलेल्या अनुभवामुळे. चित्र स्मरणाला मदत करते, आकलनाला करीलच असे नाही. आणि जेथे अनुभव नाही तेथे चित्र रिकामी जागा भलत्याच आशयाने भरून काढते.

योगायोगाच्या संदर्भात हे अधिक बारकाईने पाहता येते. ‘काकतालीय’ हा शब्द पाणिनीच्या अष्टाध्यायीतील पाचव्या अध्यायाच्या एका सूत्रावरील विवरणात येतो. कावळा येणे आणि ताड किंवा ताडफळ पडणे, या दोन असंबद्ध घटना एकाच वेळी घडल्या. टीकापरंपरेत कधी त्या पडण्याने कावळा मेला असे विवरण आढळते, तर कधी कावळ्याला अनायासे फळ खावयास मिळाले असे. म्हणजे एकाच न्यायात आपत्तीही बसते आणि लाभही. मराठीने ही कल्पना ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ अशा रूपात आपलीशी केली. ताडाला फांद्या नसतात. तेव्हा म्हणीने शास्त्रातील ताड सोडून अंगणातले झाड घेतले, हे उघड आहे. परंतु या बदलात आणखी एक गोष्ट घडली, ती अधिक महत्त्वाची. संस्कृत न्यायात भर आहे तो दोन घटनांच्या आकस्मिक संयोगावर. मराठी म्हण वापरली जाते ती मुख्यतः कोणावर तरी नाहक आळ आला, किंवा कोणाला तरी नाहक श्रेय मिळाले, तेव्हा. फांदी कावळ्यामुळे मोडली असे पाहणाऱ्याला वाटते, तसे नसते, हे म्हणीचे मर्म आहे.

कथनाच्या दृष्टीने या दोन अगदी भिन्न युक्ती आहेत. नायक आणि त्याची हरवलेली बहीण एकाच धर्मशाळेत उतरणे हा काकतालीय प्रकार. निवेदकाने दोन घटना शेजारी ठेवून त्यांत कार्यकारणसंबंध असल्याचा भास वाचकाच्या मनात निर्माण करणे हा कावळ्याचा आणि फांदीचा प्रकार. पहिला बहुधा कथानकाचा दुबळेपणा असतो. दुसरा समर्थ लेखकाच्या हातात असाधारण साधन ठरतो, कारण तेथे वाचकाचीच अनुमान करण्याची सवय पकडली जाते. दोहोंना ‘योगायोग’ म्हणून एकाच कप्प्यात टाकणारा विद्यार्थी न्यायही जाणतो आणि म्हणही जाणतो. तरीही त्याला दोहोंतील भेद दिसत नाही. परिचयाने आकलन होत नसते, याहून वेगळा पुरावा कोणता हवा?

मराठी वाक्प्रचारांचा आणखी एक स्वभाव आहे. ते रचनेपेक्षा परिणामाला नाव देतात. हप्त्याहप्त्याने छापल्या जाणाऱ्या कथेचा भाग ऐन संकटाच्या क्षणी तोडण्याच्या युक्तीला इंग्रजीत ‘क्लिफहँगर’ म्हणतात. हार्डीच्या ‘अ पेअर ऑफ ब्ल्यू आइज’ या १८७२-७३ मध्ये मासिकातून आलेल्या कादंबरीत एक पात्र खरोखरच कड्याला लोंबकळते, परंतु संज्ञा म्हणून हा शब्द रूढ झाला तो विसाव्या शतकात, अमेरिकेतील मालिकापटांच्या प्रभावाने. मराठीत क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबरीची परंपरा हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’पासून तरी सर्वांच्या परिचयाची आहे. या युक्तीसाठी ‘टांगणी’ हा शब्द सुचविता येईल, कारण ‘जीव टांगणीला लागणे’ हा वाक्प्रचार घरोघरी आहे. दोन्हीकडे लोंबकळणे आहे. पण इंग्रजी शब्दात लोंबकळते ते पात्र, मराठी वाक्प्रचारात लोंबकळतो तो ऐकणाऱ्याचा जीव. हा फरक शब्दांपुरता नाही. ‘टांगणी’ म्हटले की विद्यार्थी वाचकाच्या मनःस्थितीविषयी लिहू लागतो. लेखकाने भाग नेमका कोठे तोडला, का तोडला, पुढच्या भागाच्या आरंभी ते संकट किती झटपट निकालात काढले, हे तपासावयाचे राहून जाते. आपली आस्वादक समीक्षा दीर्घकाळ परिणामातच रमली, याचे एक कारण आपल्या वाक्प्रचारांच्या या वळणातही असावे.

ग्रीक नाटकातील ‘यंत्रातून उतरणारा देव’ ही संज्ञा तर आपल्याबरोबर निवाडाच घेऊन येते. कथानकाची उकल कथानकातूनच व्हावी, ‘मेडिया’प्रमाणे यंत्राच्या साहाय्याने होऊ नये, असे ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या पंधराव्या प्रकरणात म्हटले, तेव्हापासून ती दोषवाचक आहे. भक्तिपरंपरेतील आख्यानात मात्र गजेंद्रासाठी किंवा द्रौपदीसाठी देव धावून येतो, तो आख्यानाचा प्राण असतो. श्रोता त्याच क्षणासाठी बसलेला असतो. ग्रीक संज्ञा मराठी आख्यानकाव्याला सरसकट लावणारे प्रबंध आपल्याकडे झाले आहेत. त्यांनी संज्ञा अचूक समजून घेतली होती. तिचे कार्यक्षेत्र मात्र समजून घेतले नव्हते.

मराठीला स्वतःची कथनपरिभाषा घडविण्याची संधी एकदा मिळाली होती. ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथापासून पुढे बळावलेल्या तंत्रविचारात गुंतागुंत, निरगाठ, उकल अशा संज्ञा रूढ झाल्या. त्या अस्सल आहेत आणि क्रियावाचक आहेत. ॲरिस्टॉटलही गाठ बांधणे आणि सोडविणे याच भाषेत बोलतो, आणि फ्रेंच ‘देनुमाँ’ म्हणजेही गाठ सोडविणेच. गाठ मारणे व सोडणे ही क्रिया कोणत्याही भाषेत सारखीच असल्यामुळे हे रूपक सर्वत्र चालले. मराठीने तर एक पाऊल पुढे टाकले होते. एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ, आणि नखांनी उकरीत बसावे लागते ती निरगाठ. या भेदातून कथानकांच्या दोन जातींची चर्चा करता आली असती. एकाच रहस्यस्फोटाने सुटणारे कथानक वेगळे आणि धाग्याधाग्याने उकलणारे वेगळे. ती झाली नाही. नवकथेच्या उदयानंतर ‘तंत्र’ हा शब्दच निंदाव्यंजक ठरला आणि त्याच्याबरोबर ही परिभाषाही अडगळीत गेली. तंत्रवादाचा साचेबंदपणा नाकारणे आवश्यक होते. त्याची अवजारे फेकून देण्याची आवश्यकता नव्हती.

आज ती अवजारे परत घ्यावयाची तर एक अडचण आहे. सुरगाठ आणि निरगाठ यांतील भेद आजच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? ‘लोकांची भाषा’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणाची, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. घरी अहिराणी, गोंडी किंवा कोरकू बोलणारा विद्यार्थी, मुंबईच्या इंग्रजी शाळेतून आलेला विद्यार्थी आणि पुण्यातील जुन्या मराठी शाळेतील विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. प्रमाण मराठीतील वाक्प्रचार या तिघांपैकी एकालाच आयते मिळालेले असतात. संस्कृत संज्ञेपुढे निदान तिघेही सारखेच अडाणी असतात. वाक्प्रचाराची संज्ञा मात्र एकाला घरचा शब्द म्हणून मिळते आणि इतरांना ‘एवढेही ठाऊक नाही?’ या प्रश्नासह मिळते. लोकाभिमुखतेच्या नावाखाली हा पंक्तिप्रपंच होऊ नये.

‘उपकथानक’सारखा रुक्ष शब्द या दृष्टीने निर्दोष आहे. तो कोणालाही अडत नाही. त्याने दूरवर चालणारी पताका आणि अल्पकाळ येऊन जाणारी प्रकरी यांतील उपयुक्त भेद पुसला, ही त्याची किंमत.

परीक्षेत मात्र अजूनही ‘टीपा लिहा’ या सदरात संज्ञा दिली जाते आणि विद्यार्थी तिच्या व्युत्पत्तीची गोष्ट लिहून गुण मिळवितो. शेपूट, थेंब, मासा, बंदूक या सर्वांची वर्णने उत्तरपत्रिकांत असतात; कथा नसते. ही पद्धत उलटी करणे कठीण नाही. प्रश्नपत्रिकेत आधी अर्धे पान उतारा द्यावा, त्यात निवेदकाने कोणत्या दोन घटना शेजारी ठेवल्या आणि वाचकाला कोणते अनुमान करावयास लावले, हे विचारावे. परिभाषाकोशातील नोंदीही अशाच असाव्यात : प्रथम उतारा, मग युक्तीचे वर्णन, त्यानंतर नाव, आणि नावाविषयी मतभेद असेल तर विश्वनाथाप्रमाणे दोन्ही मते, कोणतेही न दडपता.